मापात पाप कुठून येतं?

व्हायवाला हमखास येणारा प्रश्न म्हणजे, "सेन्सर आणि ट्रान्सड्यूसर यात फरक काय?" उत्तर सगळ्यांना पाठ असतं. सेन्सर भौतिक राशीतला बदल ओळखतो आणि ट्रान्सड्यूसर एका प्रकारच्या ऊर्जेचं दुसऱ्या प्रकारात रूपांतर करतो. एक्स्टर्नल मान हलवतात, आपण सुटतो. पण त्यांनी लगेच पुढचं विचारलं, "बरं, मग तुझ्या जर्नलमधलं हे रीडिंग बरोबर कशावरून?" तर भल्याभल्यांची बोलती बंद होते!

माझ्या मते खरा विषय या दुसऱ्या प्रश्नापासून सुरू होतो. "मापात पाप" असं आपण दुकानदाराच्या तराजूबद्दल म्हणतो. लॅबमध्ये तर मुद्दाम दांडी मारणारं कोणी नसतं. मग मापात पाप येतं कुठून? हा लेख त्याच्या शोधासाठी.

आधी थोडी ओळख

ट्रान्सड्यूसरचे दोन ढोबळ प्रकार आपण शिकतो. पहिला सक्रिय, म्हणजे जो स्वतःच विद्युतदाब निर्माण करतो. उदाहरणार्थ थर्मोकपल किंवा पिझोइलेक्ट्रिक क्रिस्टल. दुसरा निष्क्रिय, म्हणजे ज्याला बाहेरून वीज द्यावी लागते आणि जो फक्त आपला रोध, धारिता किंवा प्रेरकता बदलतो. आरटीडी, स्ट्रेन गेज, एलव्हीडीटी हे सगळे या दुसऱ्या गटातले.

परीक्षेपुरतं हे वर्गीकरण पुरेसं आहे. पण चुका समजून घ्यायच्या असतील, तर सगळ्या सेन्सरना लागू पडणारी एक साधी गोष्ट मनात पक्की करावी लागते. ती अशी, की सेन्सर फक्त स्वतःबद्दल बोलतो.

ताप बघताना आई थर्मामीटर दोन-तीन मिनिटं काखेत धरून ठेवायला लावते. का? कारण थर्मामीटर आपल्या अंगाचं तापमान दाखवत नाही, तो त्याच्यातल्या पाऱ्याचं तापमान दाखवतो. अंग आणि पारा एका तापमानाला आले, की मगच आपण ते आकडे अंगाचे म्हणून वाचू शकतो. काखेतून लवकर काढला तर पारा खोटं बोलत नसतो, तो स्वतःबद्दल खरंच सांगत असतो. चूक होते ती आपण त्या आकड्याचा अर्थ लावताना. मापनातल्या बऱ्याच चुका अशाच असतात. सेन्सरची स्थिती आणि मोजायच्या वस्तूची स्थिती यांत अंतर पडतं आणि आपल्याला ते दिसत नाही.

पीटी-१०० आणि तारेतली चूक

आरटीडी घेऊ. पीटी-१०० मधलं पीटी म्हणजे प्लॅटिनम, आणि १०० म्हणजे ० अंश सेल्सिअसला १०० ओहम रोध. १०० अंशांला हाच रोध १३८.५१ ओहम होतो. म्हणजे दर अंशाला सरासरी ०.३८५ ओहम. बदल किती छोटा आहे बघा! आता हा सेन्सर टाकीवर बसवला आणि मीटर २० मीटर लांब पॅनेलवर ठेवला. जोडायला ०.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार वापरली. जायची २० आणि यायची २० अशी ४० मीटर तार झाली. तिचा रोध सुमारे १.४ ओहम. मीटरला प्लॅटिनमचा रोध कुठला आणि तारेचा कुठला हे कळत नाही, तो दोन्हींची बेरीज वाचतो. १.४ भागिले ०.३८५, म्हणजे साडेतीन अंशांपेक्षा जास्त चूक. तीही कायम वरच्या बाजूला.

कोणी म्हणेल, मग तेवढे वजा करून टाकू. पण तांब्याचा रोधही तापमानाबरोबर दर अंशाला सुमारे ०.३९ टक्क्यांनी वाढतो. भर दुपारी उन्हाने केबल २० अंशांनी तापली, की टाकीचं तापमान तेच असूनही रीडिंग पाव अंशाहून जास्त सरकतं. म्हणून तीन तारांची जोडणी वापरतात. तिच्यात तारांचा परिणाम ब्रिजच्या दोन बाजूंना सारखा पडतो आणि वजा होऊन जातो. अट एकच, तारा सारख्या रोधाच्या हव्यात. एखादा स्क्रू ढिला असेल किंवा टर्मिनल गंजलं असेल, तर ती अट मोडली. चार तारांच्या जोडणीत करंट दोन तारांनी देतात आणि विद्युतदाब दुसऱ्या दोन तारांनी मोजतात. मोजणाऱ्या तारांतून करंट जवळजवळ वाहतच नाही, त्यामुळे तारांच्या रोधाचा प्रश्नच मिटतो.

आणखी एक गंमत. रोध मोजायला करंट सोडावा लागतो आणि करंटमुळे सेन्सर स्वतःच तापतो! १ मिलिअँपिअरला १०० ओहममध्ये ०.१ मिलिवॉट उष्णता तयार होते. "जरा मोठा सिग्नल मिळेल" म्हणून करंट ५ मिलिअँपिअर केला, तर उष्णता ५ पट नाही, २५ पट होते. वाहत्या पाण्यात ती निघून जाते. स्थिर हवेत मात्र सेन्सर आपल्याच उष्णतेचं तापमान आपल्याला सांगत बसतो.

थर्मोकपलचं दुसरं टोक

दोन वेगळ्या धातूंच्या जोडांमध्ये तापमानाचा फरक असेल तर परिणाम दिसतो, हे सीबेकने १८२१ मध्ये पाहिलं. या वाक्यातला "फरक" हा शब्द महत्त्वाचा. थर्मोकपल एका जागेचं तापमान कधीच सांगत नाही, तो गरम टोक आणि मीटरकडचं थंड टोक यांच्यातला फरक सांगतो.

के-टाइप थर्मोकपल घ्या. त्याचा तक्ता थंड टोक ० अंशाला धरून बनवलेला असतो. त्यात १०० अंशांला ४.०९६ मिलिव्होल्ट आणि ३० अंशांला १.२०३ मिलिव्होल्ट दिलेले आहेत. आता गरम टोक १०० अंशांला आहे, पण मीटर ३० अंशांच्या खोलीत आहे. मग प्रत्यक्षात मिळतात ४.०९६ वजा १.२०३, म्हणजे २.८९३ मिलिव्होल्ट. हा आकडा तसाच तक्त्यात बघितला तर उत्तर येतं ७१ अंश. एकदम २९ अंशांची चूक!

यावर "७१ मध्ये खोलीचे ३० मिळवा" हा उपाय सुचतो. पण त्याने येतात १०१. कारण थर्मोकपलचा आलेख सरळ रेषा नाही. मिळवायचे ते मिलिव्होल्ट, अंश नाहीत. २.८९३ मध्ये १.२०३ मिळवा, मग तक्ता बघा, बरोबर १०० मिळतील. आजकालच्या मीटरमध्ये ही दुरुस्ती आतच होते, पण त्यासाठी मीटरच्या टर्मिनलपाशी दुसरा छोटा तापमान सेन्सर बसवलेला असतो. तोही फक्त स्वतःबद्दलच बोलतो. मीटरच्या शेजारी गरम होणारा पॉवर सप्लाय ठेवला, की भट्टीचं रीडिंग बिघडू शकतं.

हिस्टरेसिस की उशीर?

आता जर्नलमधल्या लाडक्या आलेखाकडे येऊ. वॉटर बाथ तापवताना रीडिंग घ्यायची, मग निववताना घ्यायची आणि दोन्ही आलेख काढायचे. दोन रेषा एकमेकींवर बसत नाहीत, मध्ये एक फट राहते. बरेच जण खाली लिहून मोकळे होतात, "हिस्टरेसिसमुळे." काही जण तर पेन्सिलने रीडिंग थोडी इकडेतिकडे करून फटच बुजवतात.

दोन्ही करण्याआधी एक हिशोब करून बघू. प्रत्येक तापमान सेन्सरला एक टाइम कॉन्स्टंट असतो. समजा तो २० सेकंद आहे. ३० अंशांचा सेन्सर एकदम ८० अंशांच्या पाण्यात बुडवला, तर २० सेकंदांत तो एकूण ५० अंशांच्या बदलापैकी ६३.२ टक्के बदल गाठतो, म्हणजे ६१.६ अंश दाखवतो. ९९ टक्क्यांच्या पुढे जायला पाच टाइम कॉन्स्टंट, म्हणजे १०० सेकंद लागतात.

आता पाणी मिनिटाला ६ अंश या वेगाने तापतंय. म्हणजे सेकंदाला ०.१ अंश. असा सेन्सर पाण्याच्या मागे २० गुणिले ०.१, म्हणजे २ अंशांनी रखडतो. पाणी ६० ला पोचतं तेव्हा तो ५८ दाखवतो. निववताना वेग तोच ठेवला तर पाणी ६० ला उतरतं तेव्हा तो ६२ दाखवतो. झाली ४ अंशांची फट तयार! यात हिस्टरेसिसचा काहीच संबंध नाही, हा निव्वळ उशीर आहे.

खरं हिस्टरेसिस बघायचं असेल तर बोर्डन ट्यूबचा प्रेशर गेज घ्या. डेड वेट टेस्टरवर दाब चढवत नेताना आणि उतरवताना, त्याच दाबाला काटा थोड्या वेगळ्या जागी थांबतो. धातूच्या वळलेल्या नळीत आधीच्या ताणाची आठवण उरते, शिवाय जोडांमधलं घर्षण असतं. तुम्ही कितीही वेळ थांबा, तो फरक बराचसा तसाच राहतो.

ओळखायची युक्ती सोपी आहे. तापमान किंवा दाब एका जागी स्थिर ठेवा आणि थांबा. फट मिटत गेली तर उशीर, टिकून राहिली तर हिस्टरेसिस. पेन्सिलने फट बुजवली, तर यातलं काहीच कळत नाही.

सरासरी कधी उपयोगी?

पुस्तकात चुकांचे तीन प्रकार दिलेले असतात. ढोबळ चुका, म्हणजे ५६ चे ६५ लिहिणं वगैरे. पद्धतशीर चुका, म्हणजे वर पाहिलेल्या तारेच्या रोधासारख्या, एकाच बाजूला ओढणाऱ्या. आणि यादृच्छिक चुका, ज्या कधी वर कधी खाली अशा विखुरतात.

सरासरीने फक्त तिसऱ्या प्रकारच्या चुका कमी होतात. एकमेकांवर अवलंबून नसलेली २५ रीडिंग घेतली तर त्यांच्या सरासरीतला विखुरलेपणा एक-पंचमांश होतो, कारण तो रीडिंगच्या संख्येच्या वर्गमुळाने कमी होतो. पण तारेमुळे आलेले साडेतीन अंश २५ काय, २५०० रीडिंग घेऊनही हलणार नाहीत. रीडिंग पुन्हा पुन्हा सारखं येणं म्हणजे ते बरोबर असणं नव्हे.

आणि गेजवरची टक्केवारी नीट वाचा. १० बारच्या गेजवर "पूर्ण स्केलच्या १ टक्का" अचूकता दिली असेल, तर ती ०.१ बार झाली. ९ बार मोजताना हे ठीक, पण त्याच गेजने १ बार मोजलात तर चूक १० टक्क्यांपर्यंत जाऊ शकते.

आकाशातले दोन धडे

हे सगळं दोन-चार मार्कांपुरतं वाटत असेल, तर विमानांच्या दोन अपघातांकडे बघा.

१३ जानेवारी १९८२ ला वॉशिंग्टनच्या विमानतळावरून बर्फ पडत असताना एअर फ्लोरिडाच्या बोइंग ७३७ ने उड्डाण केलं. इंजिनाचा जोर ठरवण्यासाठी वैमानिक दाबांचं एक गुणोत्तर बघत होते. इंजिनाच्या मागचा दाब भागिले पुढचा दाब. इंजिनाची बर्फरोधक यंत्रणा बंद होती आणि पुढचा दाब घेणारा प्रोब बर्फाने बुजला. छेद कमी झाला आणि गुणोत्तर फुगलं. मीटर २.०४ दाखवत होता, प्रत्यक्षात ते १.७० च्या आसपास होतं. इंजिनाच्या फेऱ्या दाखवणारं वेगळं उपकरण समोरच होतं, सहवैमानिकाने काहीतरी बरोबर नाही असं बोलूनही दाखवलं, पण उड्डाण थांबलं नाही. पंखांवरही बर्फ होता. विमान पुलाला धडकून पोटोमॅक नदीत कोसळलं. ७८ माणसं गेली, त्यातली ४ पुलावरची होती. तो प्रोब आपल्याच बुजलेल्या नळीतला दाब सांगत होता.

दुसरा अपघात १ जून २००९ चा. रिओ दि जानेरोहून पॅरिसला निघालेल्या एअर फ्रान्सच्या एअरबस ए-३३० च्या पिटो नळ्या अटलांटिकवर बर्फाच्या कणांनी तात्पुरत्या बुजल्या. वेगाची रीडिंग जुळेनात, म्हणून ऑटोपायलट सुटला. वेग पुन्हा नीट दिसू लागायला साधारण एक मिनिट लागलं, पण तेवढ्यात विमानाचं नाक वर उचललं गेलं होतं आणि ते स्टॉलमध्ये गेलं. त्यातून ते सावरलं नाही. २२८ जण मृत्युमुखी पडले. या विमानात पिटो नळ्या एक नाही, तीन होत्या. पण तिन्ही एकाच प्रकारच्या, एकाच हवेत. जे कारण एकीला बुजवतं तेच बाकीच्यांनाही बुजवू शकतं. सरासरीचा धडा इथेही तोच आहे.

मग करायचं काय?

पहिलं, कॅलिब्रेशन. आपला सेन्सर त्याहून अधिक अचूक उपकरणाशी ताडून बघायचा, ते उपकरण आणखी अचूक उपकरणाशी. ही साखळी आपल्या देशात नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेतल्या मानकांपर्यंत जाते.

दुसरं, घरच्या घरी होणारी तपासणी. शुद्ध पाण्याचा बर्फ बारीक फोडून पाण्यात कालवा आणि त्यात पीटी-१०० बुडवून थांबा. बी वर्गाच्या सेन्सरला ० अंशाला ०.३ अंशाची सूट असते, म्हणजे रोध ९९.८८ ते १००.१२ ओहममध्ये यायला हवा. उकळत्या पाण्याने तपासणार असाल तर मात्र जपून! पुणं समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे. तिथे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. ते १०० धरून सेन्सर "दुरुस्त" केलात, तर चांगल्या सेन्सरमध्ये दोन अंशांची चूक तुम्हीच घातलीत.

तिसरं, महत्त्वाची राशी शक्य तिथे वेगळ्या तत्त्वावर चालणाऱ्या दुसऱ्या सेन्सरने ताडून बघा. टाकीची पातळी दाबावरून मोजत असाल तर एक साधा फ्लोटही ठेवा.

आणि चौथं, मित्रांनो, जर्नल. रीडिंग आलं तसं लिहा. उद्या याच आकड्यांवर कोणी बॉयलर चालवेल, कोणी औषधाचा डोस ठरवेल. जुळवलेल्या रीडिंगमधून सेन्सर काय सांगत होता ते नंतर कोणालाच शोधता येत नाही. पुढच्या प्रॅक्टिकलला आलेखात फट दिसली, की खोडरबर बाजूला ठेवा, बाथ ६० अंशांवर स्थिर करा आणि दोन मिनिटं थांबून बघा. जे दिसेल तेच निष्कर्षात लिहा. एक्स्टर्नलच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्यातच मिळेल.