पाटी आणि पक्की वही : संगणकाच्या रोजनिशीविषयी काही विचार

आमच्या गोदामातील वजनकाट्यास जोडलेला एक लहानसा संगणक दोन वर्षांपूर्वी एके सकाळी सुरूच होईना. यंत्र धडधाकट होते, वीजही होती. निकामी झाले होते ते त्यातील नखाएवढे मेमरी कार्ड. दुरुस्तीस आलेल्या तरुणाने जे कारण सांगितले ते ऐकून मी चकित झालो. वजनाच्या नोंदी त्या कार्डावर दिवसाकाठी शे-दोनशेच पडत; परंतु संगणक स्वतःच्या कामाची जी रोजनिशी लिहीत असे, तिच्या हजारो ओळी रोज त्याच कार्डावर उतरत होत्या. मालकाच्या हिशेबापेक्षा नोकराच्या टिपणांनीच वही झिजविली, असा हा प्रकार होता.

या रोजनिशीस लॉग म्हणतात. कोणता कार्यक्रम केव्हा सुरू झाला, कोण आत आले, कोठे चूक घडली, हे सर्व तीत वेळेसह टिपले जाते. लिनक्स प्रणालीत या नोंदी बहुधा ‘व्हार-लॉग’ नामक कप्प्यात साठतात.

आता कार्ड झिजते म्हणजे काय, हे नीट समजून घेतले पाहिजे. अशा कार्डात नँड जातीची फ्लॅश स्मृती असते. तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका व त्यांचे सहकारी यांनी ती १९८७ साली जगापुढे मांडली. तिच्यावर लिहिलेले वीज गेली तरी टिकते, हा तिचा गुण. पण लिहिलेल्या जागी पुन्हा लिहावयाचे तर आधी खोडावे लागते, आणि एकच ओळ खोडण्याची सोय तीत नाही. शेकडो किलोबाइटांचा, कित्येकदा काही मेगाबाइटांचा गठ्ठा एकदम पुसावा लागतो. शंभर अक्षरांच्या नोंदीसाठीही निदान काही किलोबाइटांचे एक पान खर्ची पडते. खोडरबराने कागद विरावा तशी प्रत्येक पुसण्यागणिक ती स्मृती विरते. एका पेशीत एकच बिट ठेवणारी जुनी, महाग जात सुमारे एक लाख वेळा पुसणे सोसते. तीन बिट ठेवणारी स्वस्त जात हजार ते तीन हजार वेळांतच थकते.

यावरील उपाय आपल्या पेढ्यांतील वृद्ध दिवाणजींस नवा वाटणार नाही. दिवसभराचे टिपण पाटीवर अथवा कच्च्या कागदावर करावे आणि दिवेलागणीस ते एकदाच पक्क्या कीर्दीत उतरावे. संगणकाची पाटी म्हणजे रॅम ही तात्पुरती स्मृती. तिच्यावर कितीही लिहा-पुसा, ती अशी झिजत नाही. तिचाच एक भाग कप्प्यासारखा वापरण्याच्या सोयीस टीएमपीएफएस म्हणतात. मर्यादा घातली नाही तर तो निम्म्या रॅमपर्यंत वाढू शकतो. सिस्टमडीच्या जर्नलमध्ये ‘स्टोरेज’ या शब्दापुढे ‘व्होलटाइल’ असे लिहिले की त्याच्या नोंदी पाटीवरच राहतात. ‘लॉग-टू-रॅम’ हा विनामूल्य कार्यक्रम याहून एक पाऊल पुढे जातो. तो संपूर्ण कप्पा पाटीवर मांडतो, आणि ठरल्या वेळी व संगणक बंद होताना मजकूर कार्डावर उतरवितो.

परंतु येथेच खरी मेख आहे. वीज अचानक गेली तर पाटी कोरी होते, आणि अपघाताचे कारण शोधताना हव्या असतात त्या नेमक्या शेवटच्या चार ओळीच! जर्नलच्या कर्त्यांनी हे ओळखले होते. नोंदी डिस्कवर ठेवावयाच्या असल्या तर सामान्य नोंदी पाच मिनिटांपर्यंत थांबवून एकदम पक्क्या केल्या जातात. अत्यंत गंभीर नोंद मात्र तत्क्षणी पक्की होते. म्हणून मी म्हणतो की, झीज वाचविण्याच्या भरात सर्वच पाटीवर टाकणे शहाणपणाचे नव्हे. शक्य असेल तर नोंदींची एक प्रत तारेवरून दुसऱ्या संगणकाकडे पाठवावी. ज्यांच्या यंत्रात फिरती हार्ड डिस्क आहे त्यांना ही चिंताच नाही. चांगल्या प्रतीच्या एसएसडीतही झीज सर्वत्र सारखी वाटण्याची व्यवस्था असते, तेव्हा कचेरीतील नेहमीच्या संगणकावर हा उद्योग सहसा करू नये.

आणि हिशेबाच्या नोंदी? त्यांची गोष्ट सर्वस्वी निराळी. त्या पाटीवर कदापि ठेवू नयेत. हिशेबात कोणी काय बदलले याचा माग ठेवणारे व तो बंद करता न येणारेच सॉफ्टवेअर वापरण्याचे बंधन कंपन्यांवर १ एप्रिल २०२३ पासून आले आहे. सर्ट-इन या शासकीय संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांत तर कंपन्यांनी व सेवा पुरविणाऱ्यांनी संगणकाच्या नोंदीही १८० दिवस सांभाळाव्यात असे म्हटले आहे. ज्यांना हे लागू आहे त्यांनी नुसत्या पाटीवर भिस्त ठेवून चालणार नाही.

गोदामात आम्ही आता चौसष्ट मेगाबाइटांची पाटी ठेविली आहे. तासागणिक ती कार्डावर उतरते, आणि संगणकास एक लहान बॅटरी जोडली आहे. वजनाच्या नोंदी पूर्वीप्रमाणे थेट कार्डावरच जातात. पाटी किती भरली हे मात्र अधूनमधून पाहावे लागते. पहिल्याच महिन्यात ती काठोकाठ भरली, आणि जुन्या नोंदी काढून टाकीपर्यंत दोन दिवसांची रोजनिशी लिहिलीच गेली नाही.