शाळेचे वळण, मुलांचे वळण

"आजकालची मुले ऐकत नाहीत" ही तक्रार घराघरांतून आणि शिक्षकांच्या खोलीतून सारखीच ऐकू येते. आमच्या पिढीला या दुखण्यावर एकच औषध ठाऊक होते, ते म्हणजे छडी. गुरुजींनी अंगठे धरायला लावले तरी घरी सांगण्याची सोय नव्हती; घरी आणखी दोन पडत. "आम्ही मार खाऊनच घडलो" असे अनेक वडीलधारी अभिमानाने सांगतात. परंतु त्याच वर्गातून जे उठून गेले आणि परत आलेच नाहीत, ते आज सभेत बोलायला उभे राहत नाहीत. त्यांचाही हिशेब मांडला पाहिजे. ज्या समाजाने शिक्षणालाच मुक्तीचे साधन मानले, त्याला शाळेतून गळलेले एक मूलही परवडणारे नाही. म्हणून मुलांचे वर्तन शाळेत कसे घडते, याचा विचार आम्ही प्रस्तुत लेखात करणार आहोत.

१. वर्तन कोण शिकवते?

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनात आपल्या बालपणीच्या शाळेची हकिगत लिहिली आहे. बसायला वेगळे गोणपाट, आणि नळाला हात लावण्याची मनाई. शिपायाने नळ सोडला तर पाणी. शिपाई नसेल तर पाणी नाही. हा नियम कोणत्याही पाठ्यपुस्तकात नव्हता. तरीही शिपायापासून शिक्षकांपर्यंत सर्वांनी तो पाळला आणि रोज पाहून पाहून इतर मुलेही तो शिकली. अस्पृश्यतेचा धडा त्यांना फळ्यावर नव्हे, नळावर मिळाला.

याच्या उलट उदाहरणही साताऱ्याचेच आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे 'छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस' असे नामकरण झाले. तेथे निरनिराळ्या जातींची मुले एकत्र राहत, एकत्र जेवत आणि श्रमाची कामे स्वतः करीत. समतेवर व्याख्यान न देताही ती मुले समता शिकली.

दोन्ही उदाहरणांवरून एकच गोष्ट सिद्ध होते. मुलाचे वळण एकट्या मुलाच्या स्वभावावर ठरत नाही. त्याच्या शाळेला जे वळण असते, ते मुलाला लागते.

२. छडीवाचूनची शिस्त

भगवान बुद्धांनी राहुलाला केलेला उपदेश मज्झिम निकायात आला आहे. राहुल तेव्हा लहान होता. खोटे बोलणे किती वाईट, हे समजावण्यासाठी बुद्धांनी पाण्याचे भांडे घेतले. त्यात उरलेले थोडे पाणी दाखवले, ते फेकले, भांडे उपडे केले, पुन्हा सरळ करून रिकामे दाखवले. त्यानंतर आरशाचा दृष्टान्त दिला. काही करण्यापूर्वी, करीत असताना आणि केल्यानंतर, याने मला वा दुसऱ्याला इजा होते का, हे तपासून पाहावे असे शिकवले. चूक झालीच तर ती जाणत्या माणसापाशी कबूल करावी आणि पुढे सावध राहावे. या संपूर्ण प्रसंगात धाक नाही, अपमान नाही. परंतु ढिलाईही नाही.

आज देशाचा कायदाही हेच सांगतो. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या कायद्यातील कलम १७ नुसार बालकाला शारीरिक शिक्षा करण्यास आणि मानसिक त्रास देण्यास मनाई आहे. जातीवरून टोमणा, गरिबीवरून हिणवणे, "तुझ्या डोक्यात काय भुसा भरला आहे?" असे चारचौघांत विचारणे, हा मानसिक त्रासच होय.

३. संपूर्ण शाळेची एकच पद्धत

"छडी काढून घेतली, आता मुलांना आवरायचे कसे?" असे शिक्षक विचारतात. प्रश्न रास्त आहे. १९९० च्या दशकात अमेरिकेतील ओरेगॉन विद्यापीठातील अभ्यासकांनी या प्रश्नावर पद्धतशीर काम केले आणि पुढे ही पद्धत तेथील हजारो शाळांत गेली. तिचा गाभा आपल्याही शाळेला पेलण्यासारखा आहे.

पहिली गोष्ट, नियम थोडे असावेत. तीन, फार तर पाच. तेही "हे करू नका" असे नव्हे, तर "असे करा" या शब्दांत. दुसरी, गणिताप्रमाणे वर्तनही शिकवावे. करून दाखवावे आणि मुलांकडून करवून घ्यावे. तिसरी, चांगले वागणे नजरेस आले की लगेच नेमक्या शब्दांत सांगावे. "शाब्बास" एवढ्यावर न थांबता, "तू पहिलीच्या मुलाला आधी पाणी घेऊ दिलेस, हे चांगले केलेस" असे म्हणावे. चौथी, चूक झाल्यास काय होईल ते आधीच ठरलेले असावे आणि ते सर्वांना सारखे लागू असावे. पाटलाच्या मुलाला एक न्याय आणि मजुराच्या मुलाला दुसरा, असे झाले की नियम कागदावरच राहतो. पाचवी, कोणती भांडणे कोठे व केव्हा होतात याची वहीत नोंद ठेवावी. म्हणजे पुष्कळदा दोष मुलात नसून व्यवस्थेत आहे हे कळते.

आपल्या राज्यातही असा प्रयत्न झालेला आहे. २००९ साली बीड जिल्ह्यातील जिल्हा परिषदेच्या शाळांतून 'मूल्यवर्धन' हा उपक्रम सुरू झाला आणि पुढे राज्य शासनाच्या सहभागाने इतर जिल्ह्यांत गेला. संविधानातील मूल्ये गटात बसून, खेळातून, चर्चेतून मुलांच्या वागण्यात उतरावीत, हा त्याचा हेतू आहे.

४. साकोलीच्या शाळेत हे कसे करावे?

२६ जानेवारी २०२० पासून शाळांच्या परिपाठात संविधानाच्या उद्देशिकेचे वाचन करण्याचा निर्णय राज्य शासनाने घेतला. ती मुलांना तोंडपाठ होते. परंतु परिपाठ संपल्यावर ती कोठे जाते? आमची सूचना अशी की, नियम उद्देशिकेतूनच घ्यावेत आणि शाळेतील प्रत्येक जागेला लावून दाखवावेत.

पाण्याच्या टाकीजवळ समता: रांगेत येईल त्याचा नंबर, सर्वांचा पेला एकच.
पोषण आहाराच्या पंगतीत बंधुता: कोणी कोठेही बसेल, वाढणाऱ्या ताईंशी आदराने बोलणे.
वर्गात स्वातंत्र्य: न समजल्यास विचारण्याची मुभा, चुकीच्या उत्तराला कोणी हसणार नाही.
मैदानात न्याय: भांडण झाल्यास दोघांचेही ऐकून मग निर्णय.

आपल्याकडे शाळा जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडतात. पहिले काही दिवस मुलांना त्या त्या जागी नेऊन हे प्रत्यक्ष शिकवावे. मात्र मुख्याध्यापकांपासून शिपायापर्यंत प्रत्येकाने ते आधी स्वतः पाळले पाहिजे. शिक्षक घंटेनंतर वर्गात येत असतील, तर मुलांना वेळेचे महत्त्व सांगून उपयोग नाही.

५. सर्व, काही आणि एखादा

बहुतेक मुलांना एवढे पुरते. काहींना लहान गटात थोडी अधिक मदत लागते. एखाद्या मुलाला मात्र स्वतंत्रपणे जवळ घ्यावे लागते.

धानाच्या रोवणीचे दिवस घ्या. मुलगा आठ दिवस गैरहजर राहतो. परतल्यावर "इतके दिवस कुठे होतास?" म्हणून सर्वांसमोर उभे केले, तर त्याला लाज वाटते, धडा मागे पडलेला असतो, म्हणून तो खोड्या काढतो, खोड्यांसाठी पुन्हा बोलणी खातो. अशाने एक दिवस तो बांधीतच राहतो. त्याऐवजी, "रोवणी आटोपली का? ये, बुडालेला धडा या मित्राकडून समजून घे" असे म्हटले तर तोच मुलगा वर्गात टिकतो. गैरहजेरीची गय करावी असे आम्ही म्हणत नाही. घरी जाऊन पालकांशी बोललेच पाहिजे. पण परत आलेल्या मुलासाठी दार उघडे असले पाहिजे.

६. पालकांचे व आपले काम

शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावेत आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात, असे कायदा सांगतो. आपल्यापैकी जे या समितीवर आहेत, त्यांनी सहीपुरते न जाता वर्तनाचा विषय बैठकीत मांडावा. आणि "गुरुजी, पोराला चांगले बदडा" असे सांगण्याची जुनी सवय आपण आता सोडावी. घरात दारू आणि शिवीगाळ असेल, तर शाळेने शिकवलेले संध्याकाळपर्यंतही टिकत नाही, हेही मान्य केले पाहिजे.

विद्यार्थी मित्रांनो, चांगले वर्तन म्हणजे गुपचूप बसणे नव्हे. बाबासाहेब गुपचूप बसले असते, तर आज उद्देशिका वाचण्याची वेळ आली नसती. आपल्यामुळे शेजारच्या मुलाचा शाळेतील दिवस सुखाचा जातो की कष्टाचा, एवढे रोज घरी जाताना स्वतःस विचारा. राहुलाला दाखवलेला आरसा तो हाच.

अभ्यासवर्गासाठी प्रश्न

१) आपल्या शाळेत कोठेही न लिहिलेले, पण सर्वजण पाळतात असे नियम कोणते? त्यांपैकी कोणते बदलावेत?
२) शाळेच्या एका जागेसाठी "असे करा" या शब्दांत तीन नियम तयार करा.
३) या वर्षी आपल्या मोहल्ल्यातील कोणते मूल शाळेतून गळाले? त्याच्या घरी कोण जाईल?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर वहीत लिहून चालणार नाही, हे आम्ही नम्रपणे नमूद करतो.

जयभीम!