जुन्या गाडीला नवा डिस्ट्रिब्युटर : घेण्यापूर्वी काय पाहावे?

मोटार दुरुस्तीच्या धंद्यात आपले पुष्कळ बांधव आहेत. आम्ही कापडाच्या धंद्यातले, तरी माल पारखण्याची रीत सगळीकडे एकच. आज जुन्या पेट्रोल गाड्यांना लागणाऱ्या बदली डिस्ट्रिब्युटरची माहिती घेऊ. केंद्राच्या 2021 च्या नियमानुसार 50 वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात राखलेल्या गाडीची ‘विंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी होते. अशा गाडीचा मालक काम बारकाईने पाहतो.

डिस्ट्रिब्युटर दोन कामे करतो. कॉइलचा करंट ठरलेल्या क्रमाने प्रत्येक प्लगला देतो आणि ठिणगी केव्हा पडावी हे ठरवतो. चार सिलिंडरचे इंजिन मिनिटाला 3000 फेरे घेत असेल, तर सेकंदाला 100 ठिणग्या लागतात. वेग वाढला की ठिणगी लवकर पडावी लागते. त्यासाठी आत वजने व स्प्रिंगा असतात. हलक्या पायाने गाडी चालवताना मिश्रण सावकाश जळते, तेव्हा व्हॅक्युमची डबी ठिणगी आणखी अलीकडे आणते.

खरी गोम इथेच आहे. जुन्या अँबेसडरचे 1489 सीसी इंजिन ब्रिटिश बी.एम.सी. कंपनीच्या बी-सिरीजचे. याच कुळातले, याच मापाचे इंजिन एम.जी.ए. या स्पोर्ट्स गाडीत होते. पण तिथे कॉम्प्रेशन जास्त व कार्बोरेटर दोन, म्हणून ठिणगीचा हिशेब वेगळा. बाजारातला एकच नग अशा अनेक गाड्यांना ‘चालतो’ म्हणून विकला जातो. पन्हा सारखा असला म्हणून दोन ताग्यांचे सूत एक ठरत नाही. बसणे वेगळे आणि जुळणे वेगळे.

जर्मन बीटल गाडीचे उदाहरण प्रसिद्ध आहे. बॉशचा 009 नंबरचा डिस्ट्रिब्युटर जगभर अनेकांनी तिला बसवला. त्याला व्हॅक्युमची डबी नाही. त्यामुळे ॲक्सिलरेटर दाबताच गाडी क्षणभर अडखळते.

न जुळलेल्या नगाचे परिणाम दोन. ठिणगी फार लवकर पडली तर इंजिन ठोकते आणि शेवटी पिस्टन जळतो. उशिरा पडली तर गाडी ओढत नाही, तापते, पेट्रोल खाते. कारागीर मग कार्बोरेटर पिळत बसतो. दोष मात्र दुसरीकडेच असतो.

नग घेताना व बसवताना एवढे पाहावे :

1) जुन्या नगावरचा नंबर उतरवून घ्यावा. व्हॅक्युमची डबी असेल तर नव्यालाही हवी.

2) शाफ्ट बोटाने हलवून पाहावा. आडवा हलत असेल तर पॉइंटचा गॅप दर सिलिंडरला बदलतो.

3) पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक नग असेल तर तो कॉइलच्या रेझिस्टन्सला जुळतो का, हे विचारावे. बऱ्याच जुन्या ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचे पॉझिटिव्ह टोक बॉडीला असते. चुकीचा नग तिथे लगेच जळतो.

4) रोटर व कंडेन्सर हलके असतील तर गरम झाल्यावर गाडी बंद पडते. हे दोन्ही चांगल्या प्रतीचेच घ्यावेत.

5) बसवल्यावर व्हॅक्युमची नळी काढून तिचे तोंड बंद करावे. टायमिंग लाइटने 1000, 2000 व 3000 फेऱ्यांना अंश मोजून मॅन्युअलशी ताडावेत. मग नळी जोडून डबी काम करते का ते पाहावे.

आकडे जुळत नसतील तर जुनाच नग दुरुस्त करणे बहुधा शहाणपणाचे. नवे बुश, स्प्रिंगा व डबी घातली की तो पुन्हा उभा राहतो. नवा बसवलाच तर जुना भंगारात देऊ नये. गिऱ्हाईकाच्या हाती परत द्यावा. बिलावर नव्याचा नंबर लिहावा आणि तो मूळचा नाही हे आधीच सांगावे. जुन्या गाडीचा मालक पैशापेक्षा विश्वास पाहून गॅरेज निवडतो.