घटक ४ : शुभेच्छापत्रे – ग्रामेतिहासाचे एक साधन

४.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर तुम्हाला –
• ग्रामेतिहासाचे साधन म्हणून जुन्या शुभेच्छापत्रांचे महत्त्व स्पष्ट करता येईल.
• पत्रातील खुणांवरून त्याचा काळ ठरविता येईल.
• पत्रसंग्रह करताना पाळावयाची पथ्ये सांगता येतील.

४.१ प्रास्ताविक

गावाचा इतिहास म्हटला की सातबारा, देवस्थानाचे कागद, शिलालेख ही साधने डोळ्यांसमोर येतात. ती प्रामुख्याने जमीन, मान आणि हक्क यांविषयी बोलतात. गाव सोडून गेलेली माणसे त्यांत क्वचितच भेटतात. कोकणातील अनेक गावांची निम्मी कहाणी मात्र मुंबईच्या गिरण्यांत आणि गाववाल्यांच्या सामाईक खोल्यांत घडली. या चाकरमान्यांनी दिवाळी-संक्रांतीला घरी धाडलेली कार्डे तारेत ओवून ठेवली जात. आज बंद पडलेली घरे कोसळत आहेत आणि त्या तारा रद्दीत जात आहेत. म्हणून या साधनाचा अभ्यास तातडीचा आहे.

४.२ विषय-विवेचन

४.२.१ साधनाचे स्वरूप

भारतात पोस्टकार्ड १ जुलै १८७९ रोजी सुरू झाले. त्याची किंमत पाव आणा होती. त्यामुळे अल्प उत्पन्नाच्या माणसालाही पत्रव्यवहार परवडू लागला. पुढे छापील, रंगीत शुभेच्छापत्रेही प्रचारात आली. संक्रांतीच्या छोट्या भेटपत्राबरोबर पाकिटातून हलव्याचे चार दाणे पाठविण्याची रीत अनेकांना आठवत असेल. संग्राहकाचे लक्ष बहुधा चित्राकडे जाते. ग्रामेतिहासाच्या अभ्यासकाने आधी कार्ड उलटून पत्ता वाचावा.

४.२.२ पत्ता आणि मायना

‘मु.’ पुढे वाडी किंवा गाव आणि ‘पो.’ पुढे दुसरेच गाव असेल, तर त्या वस्तीला स्वतःचे टपाल कार्यालय नव्हते, असे अनुमान करता येते. ‘सौ.’ ऐवजी ‘गं. भा.’ असे लिहिलेले आढळले, तर दोन पत्रांच्या दरम्यान त्या घरात काय घडले, हे न सांगताच कळते. ‘तीर्थरूप’, ‘चिरंजीव’ या मायन्यांवरून नाते व वय यांचा अंदाज येतो. ‘मार्फत’ या शब्दापुढील नावावरून पत्र कोणाच्या आश्रयाने पोहोचत होते, हे समजते.

४.२.३ काळनिश्चिती

अनेक पत्रांवर केवळ मिती व शक असतो. शकात ७८ मिळविल्यास इसवी सन येतो. जानेवारीपासून गुढीपाडव्यापर्यंतच्या मितीसाठी ७९ मिळवावे लागतात. उदाहरणार्थ, शके १८७४ मधील दिवाळीचे पत्र १९५२ चे, तर त्याच शकातील संक्रांतीचे पत्र १९५३ चे ठरते.

बाह्य खुणाही तपासाव्यात. छापील तिकिटावर पाचव्या जॉर्जची मुद्रा असल्यास कार्ड १९१० पूर्वीचे नाही. नवे पैसे १ एप्रिल १९५७ रोजी आणि पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी आला. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी झाला.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. ‘जि. सिंधुदुर्ग’ असे लिहिलेले पत्र १ मे १९८१ पूर्वीचे असू शकत नाही. परंतु आजच्या सिंधुदुर्गातील गावाच्या पत्त्यात ‘जि. रत्नागिरी’ लिहिले आहे, एवढ्यावरून ते पत्र त्यापूर्वीचेच असे म्हणता येत नाही. सवयीने जुना जिल्हा लिहिला जातोच. नवी खूण पूर्वमर्यादा सिद्ध करते. तिचा अभाव काहीच सिद्ध करीत नाही.

४.२.४ पत्रातील मौन

पोस्टकार्ड उघडे असते. घरी वाचता येणारे कोणी नसेल, तर ते पोस्टमन किंवा शेजारचा शाळकरी मुलगा मोठ्याने वाचून दाखवी. लिहिणाऱ्याला याची जाणीव असे. त्यामुळे आजारपण, कर्ज, घरातील तंटा यांऐवजी ‘सविस्तर भेटीअंती’ एवढेच शब्द येतात. ‘येथे सर्व क्षेम’ हे वाक्य वस्तुस्थितीचा पुरावा मानू नये. ते शिष्टाचाराचे वाक्य आहे. अनेक वर्षे येणारी कार्डे एखाद्या दिवाळीपासून थांबली असतील, तर त्या खंडाचे कारण शोधावे. लिहिणारा गावी परतला, घरचे सारे मुंबईस गेले, किंवा तो हयात राहिला नाही, यांपैकी काहीही शक्य असते. उत्तर पत्रात नसते. ते वडीलधाऱ्यांच्या मुलाखतीतून मिळते.

४.२.५ संग्रहाची पथ्ये

एकाच तारेवरील पत्रे वेगळी करू नयेत. त्यांचा क्रम हाही पुरावा आहे. तिकीट कापून घेतल्यास त्यावरील शिक्का, म्हणजेच स्थळ व दिनांक नष्ट होतो. पत्रावर काहीही लिहू नये. क्रमांक, देणाऱ्याचे नाव, घर व वाडी यांची नोंद स्वतंत्र वहीत करावी. बाजारात विकत मिळालेले सुटे कार्ड देखणे असले, तरी ते कोणत्या घरातून आले हे कळत नसेल, तर त्याची अर्धी साक्ष हरपलेली असते. शक्य तेथे छायाचित्र घेऊन मूळ पत्र कुटुंबाला परत करावे. मजकूर प्रसिद्ध करण्यापूर्वी वारसांची संमती घ्यावी. कार्ड उघडे होते, म्हणून ते सर्वांसाठी लिहिलेले होते असे नाही.

४.३ सारांश

शुभेच्छापत्र हे गावाबाहेर गेलेल्या माणसांचे गावाशी टिकलेले नाते नोंदविते. चित्र, पत्ता, मायना, शिक्का, मौन आणि मूळ घर यांचा एकत्रित विचार केल्यासच ते इतिहासाचे साधन ठरते.

४.४ पारिभाषिक शब्द

मायना : पत्रारंभीचे संबोधन.
पूर्वमर्यादा : ज्याच्या आधीचा काळ संभवत नाही असा दिनांक.

४.५ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. पिनकोड नसलेले पत्र १९७२ पूर्वीचेच असते काय? सकारण लिहा.
२. ‘पत्रातील मौन’ म्हणजे काय, ते सोदाहरण स्पष्ट करा.

४.६ क्षेत्रीय कार्य

आपल्या किंवा आजोळच्या गावातील एका घरातून किमान पाच जुनी पत्रे परवानगीने पाहा. प्रत्येकाचा काळ ठरवा आणि त्या घरातील ज्येष्ठ व्यक्तीशी बोलून दोन पृष्ठांचे टिपण तयार करा.