पुसलेल्या ओळी

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

काल रात्री दादाचा फोन आला. सर्व्हर बसला त्या रात्रीची तुझी हिस्टरी सापडत नाही आणि ऑफिसात म्हणतायत की ओंकारनेच ती पुसली. दादाला बॅश म्हणजे काय ते ठाऊक नाही, पण 'पुसली' हा शब्द त्याला बरोबर कळला. रात्रभर माझा डोळ्याला डोळा नाही. तू पुसली नाहीस ना?

नसशील, तर घाबरू नकोस. बॅश टाइप केलेली कमांड लगेच फाइलीत लिहीत नाही. ती त्या त्या खिडकीच्या मेमरीत राहते आणि शेल नीट बंद झालं की मगच .बॅश_हिस्टरीत उतरते. तुझ्या चार खिडक्या उघड्या होत्या आणि मशीन एकाएकी रीस्टार्ट झालं. मग चारींतलं जाणारच. हे टीम लीडला समोर बसून सांग. नुसतं सांगू नकोस, करून दाखव: एका खिडकीत दोन कमांड दे, दुसरीतून त्या शेलला 'किल -९' मार आणि फाइल उघड.

पण तीन वर्षं नोकरी करतोस आणि .बॅशआरसीला अजून हात लावला नाहीस! गेल्या गणपतीत ओटीवर बसून सांगितलं होतं. हिस्टअपेंड चालू कर, नाहीतर शेवटी बंद होणारी खिडकी आधीच्यांच्या नोंदींवर आपलीच यादी लिहू शकते. प्रॉम्प्ट_कमांडमध्ये 'हिस्टरी -ए' घाल, म्हणजे प्रत्येक प्रॉम्प्टला आधीची कमांड फाइलीत जाऊन पडते. हिस्टटाइमफॉरमॅट घातलंस की वेळही राहते. हिस्टसाइझ मुळात ५०० असते, ती वाढव. चार ओळींचं काम, त्यात कसला आळस?

'हिस्टरी -एन' मात्र तिथे घालू नकोस. ती इतर खिडक्यांच्या ओळी ओढून आणते. मी हौसेने घातली होती. एका खिडकीत चाचणीचं फोल्डर, दुसरीत खरं. चाचणीत 'आरएम -आरएफ डेटा' दिली. खऱ्या खिडकीत आले, सवयीने रिकामं एंटर मारलं, मग वरचा बाण, मग एंटर. वर 'एलएस' असेल असं धरून चालले होते. प्रॉम्प्ट परत यायला वेळ लागला तेव्हा पोटात गोळा आला.

इथवर तुला माहीत आहे. पुढचं घरात कोणाला माहीत नाही. मी 'हिस्टरी -सी' दिली, फाइल रिकामी केली आणि घरी निघून आले. लॉगिन सगळ्यांचं एकच होतं. सकाळी रात्रपाळीच्या पोराला विचारलं, तर त्याच्याकडे दाखवायला काही नव्हतं. माझ्या ओळींबरोबर त्याच्याही गेल्या होत्या. महिन्याभरात तो नोकरी सोडून गेला. डेटा बॅकअपमधून दुपारपर्यंत परत आला होता. मी तेव्हा जरी बोलले असते तरी चाललं असतं. नाही बोलले.

म्हणून विचारते रे, पुन्हा पुन्हा. पुसली असशील तर आजच सांगून टाक, उद्यावर ढकलू नकोस. सांगायची भीती वाटत असेल तर आधी मला सांग.

फार बोलले. पण तू दादाचा फोन उचलत नाहीस, माझाही नाही. जीव थाऱ्यावर नाही माझा. दुसरीत असताना वहीत चुकलं की पान फाटेपर्यंत खोडरबर घासायचास आणि मग ती फाटकी वही घेऊन माझ्याकडेच यायचास. दादाकडे कधी गेला नाहीस.

शनिवारी सकाळी बंगळुरूला पोचते. वहिनीने मेतकूट दिलंय, भात टाकून ठेव. त्या चार ओळी आपण दोघं बसून घालू. तू काही केलं असशील तरी मी येते आहे, नसशील तरी येते आहे. तोवर नीट जेव, आणि फोन उचल.

तुझी,
आत्या