गिऱ्हाइकांची यादी : खतावणीतून मोबाईलमध्ये

दुकानात ठाणे किती, कटपीस किती, हे आपल्याला झोपेतून उठवून विचारले तरी सांगता येते. पण गिऱ्हाईक किती, कोणत्या गावचे आणि शेवटचा माल केव्हा नेला, असे विचारले तर आपण मोबाईल चाळत बसतो. नंबर हजारभर असतात, यादी मात्र नसते.

सोनारीसारख्या गावात कापडाचा धंदा गावच्या बळावर चालत नाही. अनाळा, आसू, डोंजा, इकडे परंडा, तिकडे बार्शी-करमाळा अशी गिऱ्हाइके विखुरलेली असतात. आमचे वडील खतावणीत गावावार पाने पाडीत. शिंप्यांची पाने वेगळी, डोक्यावर गाठोडे घेऊन फिरणाऱ्या फेरीवाल्यांची वेगळी. चैत्रातल्या काळभैरवनाथाच्या यात्रेआधी कोणाला निरोप धाडायचा हे ते पाने उलटून ठरवीत. मोबाईल आल्यावर आम्ही ही शिस्तच सोडून दिली, आणि त्याचे फळ भोगले.

झाले असे की, ईदच्या आधी थकलेल्या उधारीची आठवण द्यायची म्हणून आम्ही सगळ्या उधारीवाल्यांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप केला आणि त्यात मजकूर टाकला. ग्रुपमध्ये प्रत्येकाला प्रत्येकाचा नंबर दिसतो, हे आमच्या ध्यानातच आले नाही. कोणाकडे बाकी आहे हे पंचक्रोशीला कळले. त्याहून वाईट म्हणजे, त्यात घरी शिवणकाम करणाऱ्या एका बाई होत्या. त्यांना अनोळखी लोकांचे फोन येऊ लागले. त्यांचे भाऊ दुकानात आले, गादीवर बसले नाहीत, उभ्यानेच म्हणाले, "चाचा, नंबर तुमच्या भरवशावर दिला होता." बाकी चुकती करून गेले. आमच्याजवळ उत्तर नव्हते.

तेव्हापासून आम्ही यादी नव्याने बांधली. ती कशी, ते सांगतो.

पहिले काम म्हणजे सगळ्या वह्या, डायऱ्या आणि मोबाईलमधले नंबर एका तक्त्यात आणणे. संगणकावर एक्सेल असेल तर उत्तम, नसेल तर मोबाईलवर गुगल शीट फुकट मिळते. एका ओळीत एकच गिऱ्हाईक, एका रकान्यात एकच गोष्ट. "अनाळा, शिंपी, उधार" असे तिन्ही एका घरात कोंबले की पुढे काहीच निवडता येत नाही.

येथे आमच्यासारख्यांची एक खास अडचण आहे. आमचे शिक्षण उर्दू माध्यमातले, म्हणून जुन्या नोंदी उर्दूत. मुलाने त्या इंग्रजी अक्षरांत चढवल्या, नोकराने मराठीत. सय्यद हेच आडनाव सय्यद, सैयद, सैय्यद अशा तीन रूपांत आले आणि एका माणसाचे तीन माणूस झाले. म्हणून ओळख नावावरून न ठेवता नंबरावरून ठेवावी. तक्ता नंबराच्या क्रमाने लावला की एकच नंबर दोनदा आलेला लगेच दिसतो.

गावाचेही तसेच. 2023 मध्ये उस्मानाबाद जिल्ह्याचे नाव धाराशिव झाले. कोठे जुने, कोठे नवे नाव लिहिलेले, म्हणून एकाच जिल्ह्याचे दोन गट पडले. एकच नाव ठरवून सगळीकडे तेच लिहावे. आम्ही तर गाव आणि तालुका एवढेच ठेवतो, आपल्या कामाला ते पुरते.

दुसरे काम गट पाडण्याचे. आम्ही आधी गावावरून गट पाडले, पण उपयोग झाला नाही. गावापेक्षा माणूस काय नेतो हे महत्त्वाचे. शिंप्याला अस्तर, बुक्रम आणि नव्या शर्टिंगची खबर हवी असते. त्याला साड्यांचे फोटो धाडले तर तो आपले संदेश उघडणेच सोडतो. फेरीवाल्याला घाऊक भाव हवा, आणि तो भाव चुकून किरकोळ गिऱ्हाइकाला गेला तर दुकानात भांडण ठरलेले. जूनपूर्वी गणवेश घेणारे, लग्नाचा बस्ता बांधणारे, ईदची खरेदी करणारे, हे प्रसंगाचे गट.

प्रसंग लिहिताना महिना लिहू नका. 2023 साली रमजान ईद 22 एप्रिलला होती, 2025 साली 31 मार्चला. हिजरी वर्ष दहा-अकरा दिवसांनी लहान, म्हणून "एप्रिलमधली खरेदी" असा गट काढला तर ईदचे गिऱ्हाईक सुटते आणि लग्नवाले हाती येतात. रकान्यात सरळ "ईद", "बस्ता" असेच लिहावे. शेवटच्या खरेदीची तारीख मात्र निराळ्या रकान्यात हवीच, कारण वर्षभर न आलेला माणूस त्यावरूनच सापडतो.

व्हॉट्सॲप बिझनेस हे ॲप 2018 साली आले. त्यात प्रत्येक गिऱ्हाइकाला लेबल लावता येते आणि एकाला दोन लेबलेही चालतात. ग्रुप न करता ब्रॉडकास्ट यादी करावी : संदेश प्रत्येकाला स्वतंत्र जातो, कोणाचा नंबर कोणाला दिसत नाही. एका यादीत 256 नावे मावतात. पण ज्याने आपला नंबर स्वतःच्या मोबाईलमध्ये साठवला आहे, त्यालाच तो संदेश पोचतो. म्हणून बिल देतानाच "आमचा नंबर टाकून घ्या" असे म्हणावे.

तेव्हाच "नव्या मालाची खबर पाठवू का?" हेही विचारावे आणि होकार-नकार रकान्यात लिहावा. 2023 च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने संमतीला महत्त्व दिले आहे, आणि दिलेली संमती माणूस मागेही घेऊ शकतो. ज्याने नको म्हटले त्याची ओळ पुसू नका, "नको" अशी खूण करा. पुसली तर तोच नंबर एखाद्या जुन्या वहीतून पुन्हा चढतो.

सहा महिन्यांतून एकदा यादी झाडावी. बंद पडलेला नंबर कंपनी काही काळाने दुसऱ्यालाच देते, आणि आपला भाव भलत्याच माणसाकडे जातो. यादीची एक नक्कल दुसरीकडे ठेवावी, पण ती नोकराच्या मोबाईलवर नको.

उधारीचे लेबल आम्ही ठेवले आहे, ते फक्त आमच्या पाहण्यासाठी. त्यावरून एकही संदेश जात नाही. बाकीची आठवण एकेकाला फोन करून देतो, नाहीतर बाजाराच्या दिवशी बाजूला घेऊन.