दोन दिवस आणि एकच तळं

पवनेच्या काठच्या त्या लाकडी खोल्या आधी डोक्यातून काढ बघू. फोटोत छान दिसतात, मी कुठं नाही म्हणते? पण पाथरीहून नुसतं पुणं गाठायचं म्हणजे तीनशेच्या वर किलोमीटर, आणि पवना धरण त्याच्याही पुढं. शनिवार जाण्यात जाणार, रविवार येण्यात. मधल्या रात्री पोरं आंबून रडणार आणि तू त्यांचे उलटी झालेले कपडे धूत बसणार. त्याला सुट्टी म्हणत नाहीत गं.

तुला पाणी बघायचंय, एक रात्र घराबाहेर झोपायचंय आणि सकाळी कुणी "चहा झाला का" असं विचारू नये, एवढंच हवंय ना? मग लोणारला जा. सेलू, मंठा करत शंभरेक किलोमीटर. पोरांसाठी थांबत, मंठ्याला चहा घेत गेलीस तरी अडीच-तीन तासांत पोचशील.

आता तू म्हणशील, "लोणार काय, शाळेची सहल गेली होती की तिथं!" खरं सांगू का, ती सहल म्हणजे रांगेत उभं राहून खाली डोकावणं आणि बाईंनी हाक मारली की पळत बसमध्ये बसणं. तिथं मुक्काम कुठं केलायस तू? संध्याकाळी गाड्या निघून गेल्यावर काठावर निवांत बस. उल्का आदळून काळ्या बेसाल्टमध्ये पडलेलं ते विवर सुमारे १.८ किलोमीटर रुंद आणि दीडशे मीटरच्या आसपास खोल आहे, हे पुस्तकात वाचून कळत नाही. तळ्याभोवतीची झाडी, मोरांचे आवाज, आणि आपण कुणाला वाढायला उठायचं नाही. पोरांना मात्र आधीच सांगून ठेव की पाणी रोज गुलाबी नसतं, एरवी हिरवट असतं. २०२० च्या जूनमध्ये ते गुलाबी झालं तेव्हा लोकांनी काय काय अर्थ लावले होते, आठवतं? पुण्याच्या आघारकर संस्थेनं पाणी तपासलं, तर खाऱ्या पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव निघाले. त्याच वर्षी तळं पाणथळ जागांच्या रामसर यादीतही गेलं. धाकट्याला हे सगळं सांगितलंस की गुलाबी पाण्यासाठी भोकाड पसरणार नाही. निदान कमी पसरेल.

राहायला विवराजवळच एमटीडीसीचं निवास आहे. शनिवार-रविवारी खोल्या लवकर भरतात, म्हणून तारीख आधी पक्की कर आणि मग घरात सांग. उलटं करू नकोस, नाहीतर दिवाळीपर्यंत चर्चाच चालेल. फोनवर विचारताना लाजू नकोस गं. खोली तळमजल्यावर मिळेल का, कमोड आहे का, गरम पाणी कधी येतं, रात्रीचं जेवण किती वाजेपर्यंत मिळतं, सगळं विचार. सासूबाईंचे गुडघे आणि धाकट्याचं पोट, दोन्ही या चार उत्तरांवर चालतं.

आणि हो, सासूबाईंना ने. तुला वाटतंय की त्या आल्या तर आराम कसला, पण त्या घरी राहिल्या तर तुझं अर्धं मन पाथरीतच राहील, मी ओळखते ना तुला. फक्त त्यांना विवरात उतरवू नकोस. वाट दगडांची आहे, आणि उतरण्यापेक्षा परत चढणं जड जातं. त्यांच्यासाठी गावातलं दैत्यसूदनाचं देऊळ आहे. सपाटीवर आहे आणि भिंतीवरचं कोरीवकाम इतकं आहे की तास कसा गेला ते कळत नाही. त्यांच्यासोबत तुझ्या नवऱ्यानं थांबायचं. हो, त्यानंच, आई त्याची आहे. तू पोरांना घेऊन खाली कमळजा देवीपर्यंत जाऊन ये. तिथं काठाशी सासू-सुनेची विहीर आहे, एका अंगाला गोडं पाणी आणि दुसऱ्या अंगाला खारं, असं सांगतात. तळ्याचं पाणी चढलेलं असेल तर ती दिसायची नाही. दिसलीच, तर खारं अंग कुणाचं यावर वर येऊन बोलायचं नाही, सांगून ठेवते.

उतरायचं ते सकाळी, उन्हं चढायच्या आत, बूट घालून. चप्पल नको. खायच्या पिशव्या हातात लोंबकळत नेऊ नकोस, वानरं बघतच असतात. ते वनखात्याचं अभयारण्य आहे, तेव्हा वेफरचा कागदसुद्धा परत वर आणायचा, आणि अंधार पडायच्या आत तर वर यायचंच. पाण्यात कुणी पाय बुडवायचे नाहीत. ते क्षारांचं पाणी आहे आणि काठाला चिखल आहे, बघायचं आणि फिरायचं.

खाण्याचं म्हणशील तर वाटेपुरत्या दशम्या, धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी ने, बाकी तिथं जेवा. मी एका सहलीला कुकर आणि डाळ-तांदूळ नेले होते, आणि सगळे सूर्यास्त बघत असताना मी शिट्ट्या मोजत बसले होते. माझ्या घरचे अजून हसतात. तू कुकर नेलास तर मी बोलणार नाही तुझ्याशी.

पाळीची तारीख बघून घे, पण आलीच तरी बेत मोडू नकोस. देवळात जायचं की नाही ते तुझं तू ठरव, तळं काही कुणाला अडवत नाही. पॅड जास्तीचे घे आणि कागदात गुंडाळून परत आणायला एक काळी पिशवी ठेव.

कधी जायचं? गणपती उरकले की संक्रांतीपर्यंत केव्हाही, फक्त नवरात्र सोडून, तेव्हा कमळजेला गर्दी असते. चैत्र-वैशाखात आपल्याकडं उंबऱ्याबाहेर पडवत नाही, तिथं काय चढणार? आणि ऊसतोड सुरू झाली की अंधारात गाडी नको. ट्रॉल्यांना मागं दिवा नसतो, अंगावर येईपर्यंत दिसत नाहीत. रविवारी जेवून लगेच निघायचं, उजेडात सेलू मागं टाकायचं.

बघ, यात बिघडणार आहे ते एकाच जागी. रविवारी सकाळी तुझा नवरा म्हणेल, "एवढं आलोच आहोत तर सिंदखेडराजाला जिजाऊंचा वाडा करू, तिथून शेगाव काय लांब आहे?" तिथं हसून नाही म्हणायचं. दोन्ही ठिकाणं बघण्यासारखी आहेत, पण ती वेगळ्या दिवसांची. म्हणून तर मी तुला नाथसागर सुचवला नाही. आपल्या शिवारात कालव्यानं येतं ते पाणी तिथलंच, थंडीत पक्षीही खूप उतरतात. पण पैठणला गेलं की नाथांची समाधी आली, मग आपेगाव, मग पैठणीचं दुकान, आणि पाणी बघायचं राहिलंच. येलदरी दिवसभरासाठी बरं, जिंतूरपासून जवळ. यावेळी एकच तळं, एकच रात्र.

आज जेवणं झाली की खोलीचं बघ. दूधवाल्याला मी सांगते, तुळशीला पाणीही घालीन. किल्ली शुक्रवारी रात्रीच आणून दे, सकाळच्या गडबडीत तू ती पर्समध्येच घेऊन जाशील.